पोस्टच्या आधी उत्तराची सोय करा

वाचकाचं पत्र

मी बॅगा शिवते आणि दुरुस्तही करते. प्रवासाच्या, लॅपटॉपच्या, अवजारं ठेवायच्या, ज्याला जशी हवी तशी. माझ्याकडे दोन जणी कामाला आहेत. इतकी वर्षं सगळं काम एकाने दुसऱ्याला सांगून आलं. हल्ली मात्र नवीन गिऱ्हाईक कमी झालंय, आणि जुन्यांच्या बॅगा टिकतात, त्यामुळे तेही लवकर फिरकत नाहीत. भाचा म्हणतो, मावशी, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, सगळीकडे अकाउंट उघडू. एक एजन्सी तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर मिळवून देतो म्हणते. मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. कोणी माझी डिझाइनं उचलेल अशी धास्ती वाटते. शिवाय दिवसभर मशीनवर बसलेली असते, या सगळ्याला वेळ कुठून काढू? सुरुवात नेमकी कुठून करायची ते सांगा.

उत्तर

ताई, सगळ्यात आधी त्या एजन्सीला नाही म्हणून टाका. ठरलेल्या मुदतीत ठरलेले फॉलोअर देतो असं जो सांगतो, तो बहुतेक वेळा विकत घेतलेली खोटी खाती तुमच्या नावापुढे लावतो. अशी खाती बॅग घेत नाहीत हे तर झालंच, पण त्यांच्यामुळे खरं नुकसानही होतं. एखादी पोस्ट आणखी लोकांना दाखवायची की नाही हे ठरवताना इन्स्टाग्राम बघतं, की ज्यांच्यासमोर ती गेली त्यांनी तिचं काय केलं. थांबून पाहिली का, कोणाला पाठवली का, जपून ठेवली का. समोर खोटी खाती असतील तर कोणीच काही करत नाही, आणि तुमची चांगली पोस्टही तिथेच विझते. असे फॉलोअर घेणं या कंपन्यांच्या नियमात बसत नाही, आणि त्या अशी खाती वेळोवेळी काढूनही टाकतात.

आणि मुळात तुम्हाला दहा हजार माणसं हवीत कशाला? तुम्ही तिघी आहात. महिन्याला तुमच्या हातून किती नव्या बॅगा निघतात आणि किती दुरुस्त्या होतात, हा आकडा तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तो एका कागदावर लिहा. त्यातली किती जागा सध्या रिकामी जाते तेही लिहा. सोशल मीडियाकडून तुम्हाला तेवढी रिकामी जागा भरून हवी आहे. बहुतेक लहान धंद्यांना दर आठवड्याला मोजकी नवी गिऱ्हाईकं आली तरी महिना बदलतो. हा आकडा डोक्यात असला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सुरुवात पोस्टपासून करू नका. पोस्ट पाहून कोणी विचारलं तर त्याला उत्तर कोण देणार, कुठे देणार आणि किती वेळात देणार, याची सोय आधी करा. पुष्कळ जण इथेच चुकतात. उत्साहाने व्हिडिओ टाकतात, लोक खाली ‘किंमत काय?’, ‘दुरुस्ती करता का?’ असं विचारतात आणि उत्तर चार दिवसांनी येतं, किंवा येतच नाही. विचारणारा तोवर दुसरीकडे गेलेला असतो. तुमच्या दारात येऊन कोणी विचारलं असतं, तर मशीन थांबवून तुम्ही दोन शब्द बोलला असता. फोनवर आलेला माणूसही दारातच आलेला आहे.

यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप घ्या. ते जानेवारी 2018 मध्ये आलं आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. घरचा नंबर त्याला देऊ नका. एक नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही, शिवाय धंद्याचे निरोप घरच्या निरोपांत हरवतात. धंद्यासाठी वेगळा नंबर असू द्या. त्या ॲपमध्ये कॅटलॉग करता येतो, म्हणजे बॅगेचा फोटो, माप, किंमत असं एकदा भरून ठेवलं की विचारणाऱ्याला नुसती लिंक पाठवायची. कामाची वेळ टाकून ठेवता येते. मशीनवर असताना कोणी लिहिलं तर आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. त्यात ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद’ एवढंच लिहू नका. ‘सध्या शिवणावर आहे. संध्याकाळी सहानंतर उत्तर देते. तोवर बॅगेचा आणि जिथे फाटली आहे त्या जागेचा, असे दोन फोटो पाठवून ठेवा,’ असं लिहा. संध्याकाळी फोन हातात घ्याल तेव्हा फोटो आलेले असतील आणि एका निरोपात अंदाज सांगून मोकळ्या व्हाल. पुन्हा पुन्हा द्यावी लागणारी उत्तरंही साठवून ठेवता येतात, आणि ‘नवी चौकशी’, ‘काम चालू’, ‘पैसे यायचे’ अशा चिठ्ठ्या प्रत्येक संभाषणाला लावता येतात. तिघींच्या धंद्याला इतकं पुरतं.

दुसरी सोय गूगलवर. तुमचं दुरुस्तीचं काम आहे म्हणून ही मी इन्स्टाग्रामच्याही आधी सांगते. जरा विचार करा. ज्याच्या बॅगेची चेन तुटली आहे तो इन्स्टाग्राम चाळत बसत नाही. तो फोन काढून ‘बॅग दुरुस्ती’ असं शोधतो, कारण त्याची गरज आजची आहे. त्याला तुम्ही सापडायला हव्यात. त्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, 2021 च्या शेवटी नाव बदललं. याचेही पैसे नाहीत. गूगल तुमची पडताळणी करतं, बऱ्याचदा कामाच्या जागेचा व्हिडिओ मागतं, तो देऊन टाका. मग कामाची वेळ, फोन, आतले-बाहेरचे फोटो आणि तुम्ही कोणती कामं करता ते एकेक करून लिहा: चेन बदलणं, पट्टा शिवणं, अस्तर बदलणं, चाक बसवणं. ‘सर्व प्रकारची दुरुस्ती’ असं लिहिलंत तर शोधणाऱ्याच्या शब्दांशी ते जुळत नाही.

आणि काम घेऊन जाणाऱ्याला, तो समाधानाने बॅग उलटसुलट करून बघत असेल तेव्हाच सांगा, ‘गूगलवर दोन ओळी लिहाल का?’ तेव्हाच त्याला लिंक पाठवा. लोक आनंदाने लिहितात, फक्त कोणी मागत नाही. त्या बदल्यात सूट किंवा भेट मात्र देऊ नका, गूगलचा नियम त्याला मनाई करतो. आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या, वाईट असला तरी.

नवी बॅग हवी असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला अजून बॅग हवी आहे हेच ठाऊक नसतं. अवजारांची एखादी पिशवी, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा असलेली, त्याच्या नजरेस पडते आणि मग त्याला वाटतं, ‘अरे, अशी मला पाहिजे.’ दिसल्यावर हवीशी वाटणाऱ्या वस्तूंसाठी इन्स्टाग्राम उपयोगी आहे. म्हणजे तुमचे दोन धंदे आहेत असं समजा. दुरुस्तीचं गिऱ्हाईक शोधत येतं, नव्या बॅगेचं गिऱ्हाईक बघता बघता येतं. भाच्याला हा फरक समजावून सांगा, त्याची बरीच धावपळ वाचेल.

सगळीकडे अकाउंट उघडायचा त्याचा बेत अर्धाच घ्या. नाव सगळीकडे घेऊन ठेवा, तेही एकसारखं, म्हणजे उद्या कोणी तुमच्या नावावर बसणार नाही. पण चालवायचं एकच. तुमच्या बाबतीत ते इन्स्टाग्राम. फेसबुक पेज त्याला जोडून ठेवलं की तीच पोस्ट तिकडेही आपोआप जाते. दोन्ही मेटाच्याच (फेसबुक कंपनीचं आताचं नाव) मालकीची आहेत, 2012 मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतलं. यूट्यूब दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. तिथे माणसं शोधत येतात आणि चांगला व्हिडिओ वर्षानुवर्षं चालत राहतो, त्यामुळे दुरुस्तीचे व्हिडिओ पुढे तिथे नक्की टाका. कार्यालयांना एकदम पंचवीस-पन्नास बॅगा शिवून द्यायचा विचार असेल तर लिंक्डइन, म्हणजे नोकरी-धंद्यातल्या ओळखींचं ठिकाण, बघावं लागेल. ते आज नको.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पक्की धरा. ही सगळी जागा दुसऱ्याची आहे. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. छोट्या व्हिडिओंचं वाइन 2017 मध्ये गेलं. गूगल प्लस 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी संपलं. त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपलं गिऱ्हाईक जमवून बसलं होतं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा तासांच्या आसपास बंद पडले आणि ज्यांचा अख्खा धंदा त्यावर होता त्यांना गिऱ्हाईकाला साधा निरोपही देता आला नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव, नंबर आणि त्याने काय करून घेतलं हे विचारून, त्याच्या परवानगीने, तुमच्या स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहीत जा. फॉलोअर इन्स्टाग्रामचे असतात. वहीतली माणसं तुमची.

त्या वहीचा लगेच होणारा उपयोगही आहे. नवं गिऱ्हाईक कमी झालंय म्हणता, पण जुनी माणसं तुमच्यावर खूश आहेत. त्यांना वर्षातून दोन-तीनदा व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीतून, निरोप जाऊ द्या. साध्या यादीत 256 जण बसतात, आणि निरोप त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे. म्हणून बॅग देताना ‘नंबर साठवून ठेवा, पट्टा कधी सैल झाला तर फोटो पाठवा’ असं सांगायची सवय लावा. निरोपात फक्त विक्री नको. पावसात भिजलेली कॅनव्हासची बॅग कशी वाळवायची, असलं काहीतरी उपयोगाचं पाठवा आणि शेवटी एक ओळ नव्या कामाची.

अकाउंट उघडताना मालकी तुमच्याकडे ठेवा. हे मी भाच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही. पण अकाउंट त्याच्या ईमेलवर उघडलं, पुढे तो नोकरीसाठी कुठे गेला, फोन बदलला, तर तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्या जुन्या फोनमध्ये राहते. ईमेल तुमचा, नंबर तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन पहिल्याच दिवशी चालू करा, म्हणजे नव्या फोनवरून कोणी शिरायला बघितलं तर पासवर्डाबरोबर कोडही लागेल. आणि ‘तुम्ही कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत अकाउंट बंद होईल, इथे क्लिक करा’ असा निरोप आला की घाबरून काही दाबू नका. असे निरोप फसवणाऱ्यांचे असतात आणि लहान धंद्यांची खाती बहुधा याच वाटेने जातात. आलेला कोड कोणालाही सांगायचा नाही, स्वतःला इन्स्टाग्रामचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

इन्स्टाग्रामचं अकाउंट प्रोफेशनल प्रकारचं घ्या, म्हणजे किती जणांनी काय पाहिलं हे कळतं. नावाच्या जागी नुसतं ब्रँडचं नाव न टाकता ‘बॅग शिलाई आणि दुरुस्ती’ हे शब्दही घाला, कारण शोधताना नावाची ओळ धरली जाते. बायोमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या ओळींत, तीन गोष्टी पुरेत: काय करता, साधारण किती दिवसांत देता, आणि ऑर्डरसाठी कुठे लिहायचं. खाली व्हॉट्सॲपची लिंक. ‘दर्जा हीच आमची ओळख’ असलं वाक्य घालू नका, ते वाचून कोणाला काहीच कळत नाही.

आता तुमची खरी भीती, टाकायचं काय आणि बोलायचं कसं.

मशीनशेजारी एक कोरा कागद चिकटवा. गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्यावर लिहा, त्याच्याच शब्दांत. ‘चेन पूर्ण बदलावी लागेल की नुसता रनर?’ ‘रेक्झिन सोलवटतंय, काही होईल का?’ ‘हा पट्टा इतक्या लवकर का तुटला?’ ‘लॅपटॉप पंधरा इंचांचा आहे, त्यात बसेल?’ दोन आठवड्यांत कागद भरेल. त्यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक पोस्ट. तुम्हाला विषय सुचवायला कोणी लागणार नाही, आणि हे प्रश्न खरोखर लोकांना पडलेले आहेत याची खात्रीही आहे.

त्यातला पट्ट्याचा प्रश्न घेऊ. एक लॅपटॉप बॅग आली आहे, पट्टा जिथे बॅगेला जोडतो तिथेच उखडलेला. खिडकीपाशी टेबल ओढा, उजेड एका बाजूने पडू द्या. फोन उभा धरून हाताच्या बरोबर वर कशाला तरी टेकवून पक्का करा. लेन्स आधी कापडाने पुसा, तेलाच्या बोटाचा डाग असला की सगळं धूसर येतं. पहिलंच दृश्य फाटलेल्या जागेचं, अगदी जवळून. तिथे एकेरी शिवण आहे, तीवरच सगळं वजन येत होतं, हे बोटाने दाखवा. मग जुनी शिवण उसवताना. मग आतल्या बाजूने जाड कापडाचा तुकडा लावताना. मग मशीनखाली पट्ट्यावर आधी चौकोन आणि त्या चौकोनात फुली अशी शिवण पडताना. शेवटी बॅगेत जड पुस्तकं भरून ती त्याच पट्ट्याने उचलून दाखवा. एवढं सगळं तीस-चाळीस सेकंदांत बसतं. पडद्यावर तीन वाक्यं लिहा: पट्टा का तुटला, काय केलं, आता काय होईल. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, तोंड दिसलं नाही, तरी बघणाऱ्याला कळलं की या बाईंना काम येतं.

सुरुवातीला ‘नमस्कार मित्रांनो’ नको आणि नाव फिरत येणारं चित्रही नको. पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतो, म्हणून फाटलेली जागा आधी. आवाज बंद करून बघणारे खूप असतात, म्हणून अक्षरं हवीतच, ठळक आणि पडद्याच्या मध्याजवळ. अगदी खाली लिहिलंत तर ॲपची बटणं त्यावर येतात. गाणं लावायचा मोह टाळा. धंद्याच्या खात्याला गाजलेली बरीच गाणी वापरता येत नाहीत, हक्कांचा प्रश्न येतो. मशीनचा आवाज राहू द्या. कात्री कापडातून जाताना होणारा आवाज आणि चेन नीट सरकल्याचा आवाज लोक कान देऊन ऐकतात.

पुढे कधी वाटलं तर हात चालू असताना तुमचा आवाज द्या. लिहून वाचू नका, समोर गिऱ्हाईक बसलंय असं समजून बोला. तेही नाही जमलं तरी काही अडत नाही.

पोस्टखालच्या मजकुराबद्दल. ‘तुमच्या आवडत्या बॅगेला द्या नवं आयुष्य! आजच संपर्क साधा!’ असं लिहिण्याचा मोह होईल, कारण सगळे तसंच लिहितात. त्याऐवजी असं लिहा: ‘रोजच्या वापरातली लॅपटॉप बॅग. पट्टा एकेरी शिवणीमुळे उखडला होता. आतून जाड कापडाचा आधार देऊन चौकोन-फुलीची शिवण मारली. दोन दिवसांत दिली. तुमच्या बॅगेचा पट्टा सैल वाटत असेल तर तुटायची वाट बघू नका, फोटो पाठवा, दुरुस्त होईल की नाही ते सांगते.’ यात ‘लॅपटॉप बॅग’, ‘पट्टा’, ‘दुरुस्त’ हे शब्द आपसूक आलेत आणि लोक तेच शोधतात. हॅशटॅग दोन-चार, कामाचे, बस. आणि जिथे शक्य आहे तिथे किंमत लिहा, निदान इथपासून इथपर्यंत अशी. ‘किंमतीसाठी मेसेज करा’ हे वाचून पुष्कळ लोक परत फिरतात. त्यांना वाटतं, नक्कीच महाग असणार. उघडी किंमत असली की ज्याला परवडत नाही तो विचारत नाही, तुमचाही वेळ वाचतो.

पोस्ट करण्याआधी गिऱ्हाईकाला विचारायचं. ‘तुमच्या बॅगेचा व्हिडिओ टाकू का?’ इतकंच. प्रवासी बॅगेवर बहुतेक वेळा नाव, पत्ता आणि नंबराची चिठ्ठी लटकलेली असते, आतल्या कप्प्यात ओळखपत्र राहिलेलं असतं. चित्रीकरणाच्या आधी ते बाजूला काढा आणि टाकण्यापूर्वी व्हिडिओ एकदा थांबवून थांबवून बघा.

डिझाइन उचलण्याची भीती मी हलकी धरत नाही. दिसलेली बॅग कोणीही करायला घेऊ शकतो, ते पूर्ण थांबवता येणार नाही. पण काय दाखवायचं ते तुमच्या हातात आहे. तयार बॅग दाखवा, वापरात असलेली दाखवा. कापडावर आखलेले नमुने, मापं, कप्प्यांचा हिशोब, शिवण्याचा क्रम हे दाखवू नका. कापड कुठून आणता तेही सांगायची गरज नाही. तुमच्याकडे गिऱ्हाईक मापाने बनवून घ्यायला येतं, नंतर दुरुस्तीलाही येतं, हे चित्र बघून उचलता येत नाही. लपून राहिलात तर उचलणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही हे खरं, पण गिऱ्हाईकालाही दिसणार नाही. उलट बाजूनेही जपा. एखाद्या मोठ्या ब्रँडच्या बॅगेसारखी बॅग कोणी मागितली, तर त्यांचं चिन्ह लावू नका आणि इंटरनेटवरून घेतलेले त्यांचे फोटो स्वतःच्या पानावर टाकू नका. त्यात खातंही जाऊ शकतं.

वेळेचं म्हणाल, तर रोज पोस्ट टाकायचं मनातून काढून टाका. आठवड्याला दोन पोस्ट भरपूर झाल्या, आणि जमल्यास मधूनमधून स्टोरी, जी चोवीस तासांत नाहीशी होते आणि म्हणून साधी असली तरी चालते: टेबलावर पसरलेलं कापड, पार्सल निघालेलं. काम चालू असतानाच फोन टेकवून ठेवायचा, वेगळं काही करायचं नाही. आठवड्यातल्या एका संध्याकाळी भाच्याने बसून व्हिडिओची कापाकापी करावी, अक्षरं टाकावीत, पुढच्या दिवसाची वेळ लावून ठेवावी. मजकूर मात्र तुम्ही सांगा, तो लिहून घेईल. रोज द्यायचा वेळ फक्त उत्तरांना: जेवणाच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी एकदा. एखादा आठवडा पोस्ट चुकली तरी चालेल. उत्तर चुकू देऊ नका.

वाईट कमेंट येईल. तक्रार खरी असेल तर सगळ्यांसमोर एकदाच, शांतपणे लिहा: ‘बॅग घेऊन या किंवा फोटो पाठवा, बघून दुरुस्त करून देते.’ पुढचं बोलणं खासगीत. तक्रार पुसून टाकू नका, ती तुम्ही कशी सोडवली हे इतर लोक वाचतात. नुसत्या शिव्या असतील तर काढा आणि त्या माणसाला ब्लॉक करा, वाद घालत बसू नका.

जाहिरातीला पैसे आत्ता नको. दोन-तीन महिने साध्या पोस्ट टाका. एखादी आपणहून चालेल, तिच्यावरून लोक विचारायला येतील. पैसे लावायचे तर तिच्यावरच लावा. न चाललेली पोस्ट पैशाने ढकलली की लोकांना दिसते, पण काम येत नाही. इन्स्टाग्राम ‘बूस्ट’चं बटण सारखं पुढे करत राहील. ते दाबलंच तर उद्देश विचारला जातो तिथे ‘जास्त संदेश’ निवडा. ‘प्रोफाइलला भेटी’ निवडलंत तर भेटी मिळतील, आणि भेटींवर पोट भरत नाही. तुमचं काम ज्या भागात पोहोचू शकतं तेवढाच भाग निवडा. गेली तरी चालेल इतकीच रक्कम लावा आणि शेवटची तारीख टाकायला विसरू नका, नाहीतर पैसे जात राहतात.

हे सगळं चाललंय की नाही हे नुसत्या लाइकवरून ठरवू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं की पोस्ट पुढे न्यायची का हे ठरवताना किती वेळ पाहिली गेली, किती जणांनी लाइक केली आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली, या गोष्टींना सर्वाधिक वजन असतं. आणि जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात ‘दुसऱ्याला पाठवली’ ही गोष्ट विशेष कामाची. तुमच्या धंद्यात हे साहजिकच आहे. तुटक्या पट्ट्याचा व्हिडिओ कोणीतरी अशाच मित्राला पाठवतं, ज्याचा पट्टा तुटलाय. इतकी वर्षं तोंडी होत होतं तेच, फक्त फोनवरून. म्हणून महिन्यातून एकदा बघा, कोणती पोस्ट सगळ्यात जास्त पाठवली गेली आणि जपून ठेवली गेली. त्या प्रकारच्या आणखी करा.

पण खरा हिशोब वहीत. प्रत्येक नव्या माणसाला विचारा, ‘आमचं कसं कळलं?’ आणि उत्तर नावापुढे लिहा: गूगल, इन्स्टाग्राम, ओळखीतून, दारावरून जाताना. तीन महिन्यांनी ते पान काढून बसा. गूगलवरून जास्त आले असतील तर तिथले फोटो आणि अभिप्राय वाढवा, इन्स्टाग्रामवर एक पोस्ट कमी झाली तरी हरकत नाही. व्हिडिओ पुष्कळ पाहिले गेले पण कोणी लिहिलं नाही, असं दिसलं तर बायो आणि लिंक तपासा. कुठे विचारायचं हेच बहुधा कळत नसेल. लोक लिहितात पण काम देत नाहीत, असं असेल तर तुमची उत्तरं पुन्हा वाचा. उशीर होतोय का, किंमत फिरवून सांगितली जातेय का, की दूरच्या माणसांना बॅग पोहोचवायची कशी हे सांगायचं राहतंय? आणि कोणी बघतच नसेल तर प्रश्नांचा कागद पुन्हा काढा, तुम्ही बहुधा लोकांचे प्रश्न सोडून तयार बॅगांचे नुसते फोटो टाकायला लागला असाल.

काम हातापेक्षा जास्त यायला लागलं, तर तेही लपवू नका. ‘सध्या नव्या बॅगेला तीन आठवडे लागतील, दुरुस्ती चार दिवसांत’ असं बायोत आणि आपोआप जाणाऱ्या निरोपात लिहा, जाहिरात चालू असेल तर त्याच दिवशी थांबवा, आणि शिवणारी आणखी कोणी मिळते का ते आपल्याच पानावर विचारा.